इस्त्री नाही, शिडी

ज्या बाईचं अर्धं आयुष्य इस्त्री फिरवण्यात गेलं, तिला निवडणुकीत इस्त्री हे चिन्ह मिळू नये, याला काय म्हणायचं? मावशी तर त्या कचेरीतच म्हणाली, “याला लबाडी म्हणतात.” आणि तेही एवढ्या मोठ्यानं, की बाहेर बाकावर पेंगणारा शिपाई दचकून उठला.

झालं होतं असं. मावशीनं अर्जात पहिली पसंती म्हणून इस्त्री मागितली होती. मागणारच. कोपऱ्यावरच्या टेबलाशी उभी राहून तिनं सगळ्या वॉर्डाचे कपडे सरळ केले होते. तिला नावानं कोणी हाक मारत नव्हतं, लहानथोर सगळ्यांची ती मावशीच. पण नेमकी तीच इस्त्री आणखी एका अपक्षानं मागितली. हा अपक्ष म्हणजे नगरसेवकाचा ड्रायव्हर! बिचाऱ्याला निवडणुकीतलं ओ की ठो कळत नव्हतं. साहेब म्हणाले गाडी काढ, की तो गाडी काढायचा. साहेब म्हणाले उभा राहा आणि इस्त्री माग, तर राहिला उभा, मागितली इस्त्री. अधिकाऱ्यानं चिठ्ठ्या टाकल्या आणि इस्त्री ड्रायव्हरला गेली.

“मावशी, माझा काही दोष नाही हं,” तो मान खाली घालून पुटपुटला.

“तुझा कसला दोष रे बाबा! तुला इस्त्री कुठून तापते ते तरी ठाऊक आहे का?”

अधिकारी घाईत होता. त्यानं कागदावर बोट फिरवलं. “बाई, शिट्टी, फुलदाणी आणि शिडी शिल्लक आहेत. काय देऊ?”

“शिडी द्या. फुलदाणी घेऊन काय त्या नगरसेवकाच्या टेबलावर जाऊन बसू?”

तर अशी ही मावशी. रागीट म्हणा, तोंडाळ म्हणा, तिला काही फरक पडत नव्हता. पण एक गोष्ट कुणीही कबूल करील: ती उगाच भांडणारी नव्हती. वर्षानुवर्षं निवडणुका आल्या नि गेल्या, तिनं कधी कुणाच्या सभेला जाऊन टाळी वाजवली नाही. या खेपेला ती उभी राहिली ती एका खोलीसाठी.

ही खोली वॉर्डाच्या सरकारी इमारतीत तळमजल्यावर होती, मावशीच्या टेबलाला लागूनच. तिथं पाळणाघर चालायचं. दवाखान्यातल्या नर्सा, कारखान्यात पॅकिंग करणाऱ्या पोरी, झाडूवाल्या, दुकानांत उभ्या राहणाऱ्या बाया सकाळी तिथं मुलं सोडायच्या आणि निर्धास्तपणे कामाला जायच्या. मावशीची लेक तिथंच रांगली, तिथंच तिनं पहिलं पाऊल टाकलं, आणि मोठी होऊन नर्स झाली. मग तिची मुलगी, म्हणजे मावशीची नात, त्याच खोलीत खेळू लागली. आणि एका सोमवारी खोलीला कुलूप. आठवड्याभरात आत नवा रंग, सोफा, काचेचं टेबल, आणि दारावर ही भलीमोठी पाटी: ‘नगरसेवकांचे जनसंपर्क कार्यालय. सर्वांसाठी खुले.’ पाळणाघराचं विचारलं की उत्तर मिळायचं, “तात्पुरतं बंद आहे.” तात्पुरतं! सोफा काय तात्पुरता आणतं का कुणी?

बायांनी काय करावं? कुणी मूल शेजारणीकडे टाकलं, कुणी थोरल्या मुलीची शाळा बुडवून तिला घरी बसवलं. लेक नातीला आईच्या टेबलापाशी सोडून दवाखान्यात जाऊ लागली. मावशी एका हातानं इस्त्री फिरवायची, दुसऱ्या हातानं नातीला धरायची. एक दिवस गिऱ्हाईकाशी बोलताना हात सुटला, आणि पोरीनं तापलेल्या इस्त्रीला बोट लावलं.

ते रडणं मावशीच्या काळजात घुसलं. फोड बारीकसाच होता, चार दिवसांत बरा झाला, पण संध्याकाळी लेकीनं पोरीला छातीशी धरलं आणि सांगून टाकलं, “आई, मी बिनपगारी रजा टाकलीय. रजा संपेपर्यंत सोय झाली नाही तर नोकरी सोडते.”

“खबरदार!” मावशी ओरडली. “तू नोकरी सोडायची आणि त्यानं सोफ्यावर बसायचं? त्यापेक्षा मी त्याला उठवते ना!”

नवऱ्याला वाटलं, रागाच्या भरात बोलतेय. तो एका गोदामावर रखवालदार होता, शांत माणूस, भांडण दिसलं की चष्मा पुसत बसणारा. पण दुसऱ्या दिवशी बायको खरंच उमेदवारी अर्ज घेऊन आली, तेव्हा त्यानं चष्मा पुसला, अर्ज वाचला आणि म्हणाला, “सही कुठं करायची असते ते बघ. तेवढं चुकवू नकोस.” तेवढ्यावर मावशीला कळलं, की हा आपल्या बाजूचा आहे.

प्रचार म्हणजे काय, हे मावशीला कुणी शिकवायला नको होतं. ती जन्मभर दारोदार फिरलेली. फरक एवढाच, की आधी गाठोडं घेऊन जायची, आता हात हलवत जायची. रोज सकाळचं काम उरकलं, की नवऱ्यानं रंगाऱ्याकडून मागून आणलेली शिडी त्यानं खांद्यावर घ्यायची आणि दोघांनी निघायचं. दार उघडलं, की आतून आवाज यायचा, “अरे वा, मावशी! बोलायलाच नको. आमचं मत इस्त्रीलाच!”

“इस्त्री नाही हो, शिडी!”

“शिडी कशाला? माळ्यावर काही चढवायचंय का?”

मग सगळं पहिल्यापासून सांगायचं. इस्त्री ड्रायव्हरला गेली, ड्रायव्हर म्हणजे साहेबांचा माणूस, मला शिडी मिळाली, ही बघा शिडी. समोरचा माणूस मान डोलवायचा, सगळं पटलं म्हणायचा, आणि दार लावता लावता म्हणायचा, “काळजी करू नका. इस्त्री म्हणजे इस्त्री!” मावशी कपाळाला हात लावायची. तिसऱ्या मजल्यावरचे एक पेन्शनर तर एवढं ऐकून घेऊन म्हणाले, “ही शिडी जाताना इथंच ठेवाल का? पंखा पुसायचा राहिलाय.” नवऱ्यानं तिथल्या तिथं शिडी लावून पंखा पुसून दिला. मावशी खाली येईपर्यंत त्याच्याशी बोलली नाही.

तरी वारं फिरलं होतं. पाळणाघराचा विषय निघाला, की आत बसलेल्या सासवासुद्धा बाहेर यायच्या. आणि वारं फिरलंय हे नगरसेवकाच्या कानावर गेल्याशिवाय कसं राहील?

तो स्वतः टेबलापाशी आला. पांढराशुभ्र शर्ट, बाहीला धारदार घडी. मावशीचीच घडी होती ती. शाळेत हाफ पॅन्ट घालायचा तेव्हापासून त्याचे कपडे तिच्याकडे यायचे. गोड हसून तो म्हणाला, “मावशी, कशाला या वयात वणवण? मला पाठिंबा जाहीर करून टाका. या टेबलाच्या जागी तुम्हाला पक्का गाळा देतो. शटरचा.”

“पाळणाघर उघड. आत्ता शिडी परत करून येते.”

“ते नाही जमणार. कार्यालय मला लागतं. लोकांची कामं असतात.”

“मग हेही नाही जमणार.”

त्यानं इकडेतिकडे बघितलं. हसू पुसलं. “मावशी, वॉर्डातले लोक माझ्या सहीशिवाय पाण्याचा नळसुद्धा घेऊ शकत नाहीत. त्यांनी कपडे कुठं टाकायचे, हे मला सांगायला लावू नका.”

“सांग की! बघू कोण ऐकतं!”

बोलून गेली खरी. पण ऐकलं, सगळ्यांनी ऐकलं. दोन-तीन दिवसांत टेबल ओस पडलं. कुणी तोंडावर काही बोललं नाही, ती हिंमत नव्हती. एकानं सांगितलं, घरीच नवी इस्त्री घेतलीय. दुसरा म्हणाला, हल्ली ऑफिसात चुरगळलेलेच कपडे घालतात, फॅशन आहे. बँकेत काम करणारा एक गृहस्थ रोज समोरच्या फुटपाथवरून जायचा, तो चक्क मागच्या गल्लीतून जाऊ लागला. मावशी टेबलाशी उभी. इस्त्री तापलेली, पाण्याची वाटी भरलेली, आणि हाताखाली घ्यायला साधा रुमाल नाही. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण खरं सांगायचं तर रागाच्या खाली दुसरं काहीतरी होतं. ती घाबरली होती. लेकीची रजा संपत आली होती. टेबल बंद आणि लेकीची नोकरीही गेली, तर घर चालवायचं कसं? नवऱ्याच्या एकट्याच्या पगारात?

“सोड म्हणत नाही,” नवरा एकदा जेवताना म्हणाला. “पण विचार कर.”

“केला,” मावशी म्हणाली. “पोळलेलं बोट माझ्या नातीचं होतं. झाला विचार.”

आणि अशा वेळी तिच्याकडे एकच गिऱ्हाईक उरलं. कोण असेल? नगरसेवकाची आई!

म्हातारी सकाळी भाजीची पिशवी घेऊन यायची. वर पालेभाजीची जुडी, खाली लेकाचे चार शर्ट. पहिल्यांदा आली तेव्हा मावशी बघतच राहिली.

“अशी बघू नकोस,” म्हातारी दबक्या आवाजात म्हणाली. “त्यानं दुसऱ्या कुणाला तरी शर्ट दिले होते. त्या मेल्यानं कॉलरची पार वाट लावली. पोरगा माणसांत वावरतो गं. त्याला सांगितलंय, लाँड्रीत टाकते म्हणून.”

“आजी, तुमचा मुलगा माझं टेबल बंद करायला निघालाय.”

“ठाऊक आहे मला. मत मी त्यालाच देणार हं, पोटचा आहे. पण शर्ट तुझ्याकडेच. आणि कुणाला बोलू नकोस, शब्द दे.”

मावशीनं शब्द दिला. का दिला? एक तर तिच्या धंद्याचा तो नियमच होता: कुणाच्या गाठोड्यात काय आलं, खिशात काय सापडलं, हे ज्याचं त्याला, बाकी तोंडाला कुलूप. आणि दुसरं, तिला एक खुन्नस होती. जाऊ दे, माझ्या हातची इस्त्री घालून माझ्याविरुद्ध बोलू दे! तिनं ते शर्ट असे काही केले, असे केले, की लग्नाच्या दिवशीही कुणी घातले नसतील. आधी कॉलर, मग खांदा, मग कफ, मग बाही, सगळं मन लावून.

मतदानाच्या दोन दिवस आधी शाळेच्या हॉलमध्ये सभा ठरली. एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी सगळ्या उमेदवारांना एका व्यासपीठावर बोलावलं होतं. लोकांनी विचारायचं, उमेदवारांनी उत्तरं द्यायची. मावशीला एवढा मोठा वॉर्ड एका जागी पुन्हा मिळणार नव्हता. घरातून निघताना नवऱ्यानं बजावलं, “बाकी काही बोल, पण शेवटी शिडी सांग. विसरू नकोस.”

“मी काय खुळी आहे विसरायला?”

हॉल गच्च भरला होता. व्यासपीठावर तीन खुर्च्या. एकीवर नगरसेवक ऐटीत, एकीवर ड्रायव्हर अंग चोरून, एकीवर मावशी. समोर पहिल्याच रांगेत नगरसेवकाची आई. शिडी कोपऱ्यात भिंतीला टेकवून ठेवली होती.

नगरसेवक आधी बोलला. चांगला बोलायचा तो, नाही कशाला म्हणा. गटारं झाली, दिवे लागले, असं बोलता बोलता तो मावशीकडे वळला. “आमच्या मावशी भल्या बाई आहेत. पण मला सांगा, ज्यांच्या टेबलावर आज वॉर्डातला एक माणूस कपडे टाकत नाही, त्यांच्यावर वॉर्ड टाकायचा? इतका विश्वास?”

मागून खसखस पिकली. मावशीचे कान तापले. एक वाक्य! फक्त एक वाक्य बोलली असती, तर त्याची बोलती तिथंच बंद झाली असती. तिनं पहिल्या रांगेकडे बघितलं. म्हातारी मांडीवरच्या पिशवीचे बंद घट्ट धरून बसली होती. मावशीनं ते वाक्य गिळलं आणि माईकसमोर उभी राहिली.

काय बोलायचं ते लेकीनं तिच्याकडून पाठ करून घेतलं होतं. ते सगळं ती विसरली, कारण समोर तिला तिचा वॉर्ड दिसला. काय अवतार होते एकेकाचे! पाठी चुरगळलेल्या, बाह्यांना दोन-दोन घड्या, कॉलरी कुत्र्याच्या कानासारख्या लोंबलेल्या. बँकवाल्याच्या खिशाखाली तर इस्त्रीचा तपकिरी ठसा, अगदी टोकासकट.

“काय ही दशा करून घेतलीत रे!” ती म्हणाली. हॉलमध्ये हसू फुटलं. “हसू नका! मला रडू येतंय. बँकवाले साहेब, उठू नका, बसा, तो ठसा लपत नाही. इतका चांगला कपडा होता तो. तुम्ही घरी केलीत ना इस्त्री? का केलीत? माझे हात मोडलेत का? तुम्ही घाबरलात. स्पष्ट बोला ना! अख्खा वॉर्ड घाबरलाय, आणि कोण कोण घाबरलंय ते मला इथून कॉलरवरून दिसतंय. नळ मिळणार नाही, सही मिळणार नाही, म्हणून घाबरलात. माझं टेबल ओस पाडलंत, पाडा. मी काय, दुसरीकडे जाऊन उभी राहीन. पण तुमची पोरं जिन्यात बसतात, तुमच्या सुना कामं सोडून घरी बसल्यात, आणि त्यांच्या खोलीत सोफा ठेवलाय, तेव्हाही तुम्ही गप्पच? सोफ्याला भिता? मी नाही भीत! माझ्या नातीचं बोट पोळलं, आता मला कुणी पोळवू शकत नाही. जा, सांगा कुणाला सांगायचं त्याला!”

मागच्या भिंतीशी मुलं कडेवर घेऊन उभ्या असलेल्या बायांतून एक टाळी पडली, मग दुसरी. तेवढ्यात नगरसेवक ताडकन उठला.

“हे नाटक आहे!” तो मावशीच्या समोर येऊन बोट नाचवत ओरडला. “या बाईला मत देणं म्हणजे...”

आता बघा, उन्हाळ्याचे दिवस, पंखे नावाला फिरत होते. घामानं त्याची मान चिंब झाली होती, आणि ओरडताना त्यानं गळ्याशी हात घालून कॉलर खसकन ओढली. ती एका बाजूनं उभी राहिली. मावशीच्या डोळ्यांसमोर, वीतभर अंतरावर, वाकडी कॉलर! तिचा हात विचारायला थांबलाच नाही. तिनं पुढं होऊन त्याची कॉलर पकडली, दुमडली, अंगठ्यानं दाबून बसवली आणि नेहमीच्या सवयीनं बोलून गेली, “अरे, सकाळी एवढी नीट बसवून दिली होती कॉलर, काय वाट लावलीस ती!”

माईक चालू होता.

क्षणभर कुणालाच काही कळलं नाही. मग कुठूनतरी एक फिस्सकन हसला, आणि मग सगळा हॉल! खुर्च्या वाजल्या, शिट्ट्या झाल्या. नगरसेवकाचा चेहरा त्याच्या शर्टासारखा पांढरा पडला. त्यानं सावकाश पहिल्या रांगेकडे वळून बघितलं.

“आई?”

“माझ्याकडे काय बघतोस?” म्हातारी म्हणाली. “माणसांत जायचं तर नीट जायला नको?”

मग तर विचारूच नका. लोक उभे राहिले. “इस्त्री! इस्त्री! इस्त्री!” असा गजर सुरू झाला. छप्पर उडेल की काय असं वाटत होतं. ज्या लोकांनी मागच्या गल्लीतून जायला सुरुवात केली होती, तेच आता मुठी उंचावून ओरडत होते. मावशीला मात्र काही ऐकू येत नव्हतं. ती व्यासपीठावरून उतरून म्हातारीपाशी गेली. तिचे डोळे भरले होते. “आजी, चुकले मी. शब्द दिला होता तुम्हाला. तोंडातून निघून गेलं.”

“जाऊ दे गं,” म्हातारी म्हणाली. “मला तरी त्या भाजीखाली शर्ट कोंबून कंटाळा आला होता. पालेभाजी खाऊन खाऊन घरातले वैतागलेत.”

गजर चालूच होता. इस्त्री, इस्त्री. घरी पोचून पाणी प्यायल्यावर नवऱ्यानं चष्मा काढला आणि पुसायला घेतला.

“काय झालं?” मावशीनं विचारलं.

“शिडी सांगायची राहिली,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर ठेवायला जागा नव्हती. गाठोड्यांवर गाठोडी, आणि सगळ्यात वर बँकवाल्याचा तो ठसा पडलेला शर्ट. जो येईल तो छाती काढून सांगे, “मावशी, काल काय बोललात! आता मत इस्त्रीलाच!” ती ओरडून ओरडून सांगत होती, “इस्त्री नाही रे, शिडी!” पण प्रचाराची वेळ संपली होती, आणि लोकांना वाटलं, मावशी मस्करी करतेय.

निकाल लागला. नगरसेवक पडला. शिडीला शेजारपाजारच्या आणि घरच्या लोकांची मतं. आणि इस्त्री प्रचंड बहुमतानं विजयी!

लोकांनी ड्रायव्हरला खांद्यावर उचललं तेव्हा तो रडकुंडीला आला होता. “अहो, खाली उतरवा मला,” तो म्हणत होता. “साहेबांना घरी सोडायचंय, उशीर होतोय.” आणि खरंच, निवडून आलेला माणूस खाली उतरला, गाडीत बसला, आणि पडलेल्या माणसाला घरी सोडून आला. मग लोकांच्या डोक्यात हळूहळू प्रकाश पडला. बँकवाला टेबलापाशी येऊन म्हणाला, “मावशी, आम्ही तर तुम्हालाच...”

लेक मात्र ढसाढसा रडली. तिची रजा रविवारी संपत होती. “जिंकलीस पण आणि हरलीस पण, आई. सोमवारी मी कुठं ठेवू पोरीला?”

मावशीनं नातीचं बोट हातात घेतलं, त्यावरचा पुसट झालेला डाग बघितला, आणि म्हणाली, “तू सोमवारी ड्यूटीवर जायचं. पोरीची पिशवी भरून ठेव. दुपट्टं, बाटली, खेळणं, सगळं.”

“पण कुठं?”

“तिथंच. जिथं तू रांगलीस तिथं.”

सोमवारी सकाळी मावशी नातीला कडेवर घेऊन निघाली. मागे नर्सा, पॅकिंगवाल्या, झाडूवाल्या, प्रत्येकीच्या कडेवर एक आणि बोटाला एक. नवऱ्यानं सवयीनं शिडी घेतली होती, ती मावशीनं खाली ठेवायला लावली. कार्यालयाचं दार उघडं होतं. आत निवडणुकीत पडलेला नगरसेवक सोफ्यावर जुन्याच ऐटीत पेपर वाचत बसला होता. त्याच्या मते काहीच बदललं नव्हतं. निवडून आला तर आला, ड्रायव्हर आपलाच, जिथं सांगू तिथं सही करील. आणि ड्रायव्हर बाहेर फडक्यानं गाडी पुसत होता. पुढच्या सीटवर त्याची धाकटी लेक गाढ झोपली होती. पाळणाघर बंद झाल्यापासून ती रोज तिथंच झोपायची, आणि साहेब आले की त्याला ती पटकन उचलून वॉचमनच्या खोलीत लपवावी लागायची. त्याची बायकोही पॅकिंगलाच जात होती.

“खोलीची किल्ली कुणाकडे असते?” मावशीनं त्याला विचारलं.

“माझ्याकडेच की. सकाळी मीच उघडतो.”

“बरं. मग ऐक. तुला पडलेली मतं माझी आहेत. तुलाही ठाऊक आहे, मलाही ठाऊक आहे, आता अख्ख्या वॉर्डाला ठाऊक आहे. मी ती परत मागत नाही, ठेव तुझ्याकडे. पण ही पोरं मी आत सोडतेय. तुला हाकलायची असतील तर तू हाकल. नगरसेवक तू आहेस.”

ड्रायव्हरच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. बायांनी वाट बघितली नाही. मुलं आत शिरली. एक सोफ्यावर चढलं, एक काचेच्या टेबलाखाली गेलं, एकानं पेपरचा कोपरा धरून ओढला. “हे काय चाललंय!” आतून आवाज आला. “कोण आहे रे तिकडे? ड्रायव्हर! बाहेर काढ सगळ्यांना!”

ड्रायव्हर दारात आला. साहेब म्हणाले गाडी काढ, की गाडी काढणारा माणूस तो. लेक पाठीमागे उभी होती, युनिफॉर्म घालून, ड्यूटीची वेळ होत आलेली. हा आता काय बोलेल त्यावर सगळं होतं.

“ऐकू येत नाही का? काढ म्हणतो ना!”

ड्रायव्हरनं एकवार मागे वळून गाडीकडे बघितलं. तो बाहेर गेला, पुढचं दार उघडून झोपलेल्या पोरीला उचललं आणि आत आणून सोफ्याच्या कडेला निजवलं. ती कूस बदलून पुन्हा झोपली. मग त्यानं खिशातून किल्ली काढली, मावशीच्या हातात दिली, आणि रोजच्यासारखा अदबीनं उभा राहून म्हणाला, “साहेब, चला. गाडी काढतो. तुम्हाला घरी सोडतो.”